गडावरची खिचडी

१६७४च्या उन्हाळ्यात एक म्हातारा खाटीक रायगड चढून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपली नवी गिऱ्हाइकं दिसतात तरी कशी, एवढंच त्याला बघायचं होतं.

ही गिऱ्हाइकं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आणि त्याच्याबरोबरचे इंग्रज. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी नजराणे आणि तहाची कलमं घेऊन ते मुंबईहून निघाले होते. पाचाडला पोचले तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. म्हणून काही दिवस पायथ्याशी काढून मंडळी गडावर आली. मानपान यथास्थित झाला, पण जेवणाची पंचाईत झाली. इथल्या लोकांचं आवडतं अन्न म्हणजे खिचडी: डाळ-तांदूळ एकत्र, तुपात शिजवलेले. त्यावर ते चांगले बाळसंही धरतात, अशी नोंद कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८मध्ये छापलेल्या प्रवासग्रंथात आहे. इंग्रजांचं मात्र मांसावाचून अडत होतं. त्यांनी तसं कळवल्यावर महाराजांनी खाटकाला हुकूम दिला. आसपासचे जे थोडे ऐपतदार मुसलमान मांस घेत, त्यांना पुरवणारा हाच खाटीक. आता रोज अर्धा बकरा इंग्रजांच्या मुक्कामी जाऊ लागला. गेल्या काही वर्षांत झाला नव्हता एवढा खप थोड्या दिवसांत झाला, तेव्हा म्हाताऱ्याला राहवेना आणि तो गड चढून या अन्नदात्यांना बघायला आला.

राज्याभिषेकाच्या सोहळ्यातलं सिंहासन, छत्र, दरबार हे सगळं शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचं आहे. त्या गडावर दुपारी लोक काय जेवत होते, हे मात्र अशा एखाद्या खाटकाच्या कुतूहलातूनच हाती लागतं.

हल्ली ६ जूनला, राज्याभिषेकाच्या दिवशी, रायगडावर पाय ठेवायला जागा नसते. फेटे, अंगरखे, कवड्यांच्या माळा, हातात दांडपट्टे. खाली शहरांत ‘शिवकालीन’, ‘मावळा’, ‘पेशवाई’ अशा नावांच्या थाळ्या मिळतात. गुढीपाडव्याला नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ आणि डोळ्यांवर गॉगल चढवलेल्या मुली मोटारसायकलवरून शोभायात्रेत निघतात. ही प्रथा १९९९मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिरापासून सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. इतिहास नुसता वाचण्यापेक्षा अंगावर घालावा, ताटात वाढून घ्यावा, ही ओढ आपल्याकडेच आहे असं नाही. स्टॉकहोममध्ये आर्थर हाझेलियस याने १८९१मध्ये स्कान्सेन उघडलं. स्वीडनच्या खेड्यापाड्यांतली जुनी घरं उचलून एका टेकडीवर आणली आणि त्यांत त्या-त्या भागाचा पोशाख घातलेली माणसं वावरू लागली. डेन्मार्कमधल्या लायरला १९६४पासून याहून पुढची मजल गेली. तिथे लोहयुगातल्यासारखी घरं बांधली, कुटुंबं त्यांत राहून पाहिली, आणि जळक्या घराचे अवशेष जमिनीत कसे उरतात हे कळावं म्हणून एक घर मुद्दाम पेटवूनही दिलं.

लायरचा हा कसून तपासण्याचा हिशेब आपल्या ‘शिवकालीन’ थाळीला लावला, तर पहिल्याच घासाला खडा लागतो.

बटाट्याची भाजी घ्या. शब्दच पोर्तुगीज आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि मराठी मुलखात त्याची खरी लागवड इंग्रजी अमदानीतली. महाबळेश्वरला इंग्रजांनी १८२८-२९च्या सुमारास हवा खायचं ठाणं वसवलं. पुढे तिथल्या तुरुंगात चिनी कैदी आणून ठेवले. या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले. म्हणजे शिवकालीन म्हणून वाढलेल्या या भाजीचा महाराष्ट्रातला एक पूर्वज चिनी कैदी निघतो. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर हेही त्याच रांगेतले उशिराचे पाहुणे. लाल भोपळा, मका, पेरू, पपई, अननस, सीताफळ, काजू ही सगळी मंडळी कोलंबसानंतर अमेरिकेतून निघाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोर्तुगीज जहाजांनी इकडे आणलं. काजू आणि अननस या नावांवर त्या जहाजांचा शिक्का अजून आहे.

मिरचीचंही तेच. सोळाव्या शतकात ती गोव्याकडच्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी इथला तिखटपणा मिरी, आलं, मोहरी आणि पिंपळी यांच्या जिवावर चालत होता. नव्या फळाला नाव देताना लोकांनी जुनंच नाव पुढे केलं: संस्कृत मरिच म्हणजे मिरी, आणि त्यावरूनच मिरची. पुढे या पोरीने घर असं बळकावलं की ज्या मिऱ्यांसाठी युरोपियन जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आली, ते मिरे आपल्या मसाल्याच्या डब्यात कोपऱ्यात जाऊन बसले.

सगळ्यात मोठी गंमत एकादशीला होते. उपवास म्हणजे घरातला जुन्यातला जुना, सोवळ्यातला सोवळा बेत. त्या दिवशीची खिचडी पाहा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. हा कंद मूळचा ब्राझीलकडचा. आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतेक सेलमचा, आणि सेलमचा हा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. त्यात शेंगदाण्याचं कूट. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, दोन्ही तिकडचीच. शेजारी रताळ्याचा कीस, रताळंही अमेरिकन. ताटात देशी म्हणून उरतं ते जिरं, मीठ आणि तूप. उपवासाला धान्य वर्ज्य, आणि ही नवी मंडळी कुठल्याच जुन्या वर्ज्य-यादीत नव्हती, म्हणून बिनबोभाट आत शिरली. त्यांच्या आधीपासून उपवासाला चालत आलेली वरई मात्र ‘भगर’ होऊन बाजूला बसली आहे.

रायगडावरच्या खिचडीत यातलं काहीच नव्हतं. ती डाळ-तांदळाची साधी खिचडी तेव्हाही नवी नव्हती. त्याआधी दोनशे वर्षं, १४७०च्या आसपास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला होता. विकायला आणलेला घोडा बरोबर घेऊन तो घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. तिथे घोड्यांना कडधान्य चारतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात, असं त्याने लिहून ठेवलंय. ज्या जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी उभा आहे, तिथे घोडेही खिचडीवर पोसले जात होते.

म्हणजे खरं जुनं जेवण मांडायचं तर थाळी भकास होईल, असं मुळीच नाही. नाचणी, जोंधळा, बाजरी यांच्या भाकऱ्या आहेत. वांगं, दोडका, पडवळ, कारलं, सुरण, अळू, केळफूल, फणस यांना कुणी हात लावलेला नाही. आंबटाला चिंच आणि आमसूल, गोडाला गूळ, वर तुपाची धार. आणि याहून मागे जायचं असेल तर कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास संस्कृतात रचलेला ‘मानसोल्लास’ आहे. राजाने कसं जेवावं हे सांगताना सोमेश्वराने स्वयंपाकघराचं दारच उघडून ठेवलं आहे. त्यात आजच्या इडलीची आजी ‘इडरिका’ आहे, पण ती नुसत्या उडदाची, तांदळाविना. वडे आहेत, पोळ्या आहेत, पुऱ्या आहेत. शेतातले उंदीर भाजून कसे खावेत, तेही आहे. तो पदार्थ अजून कुठल्या थाळीवाल्याने लावलेला दिसत नाही.

त्यातच ‘मंडक’ आहे, म्हणजे आपले मांडे.

मांडे करायला हवं ते खापर. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, विसोबाने आळंदीच्या कुंभारांना तिला खापर देऊ दिलं नाही, मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, ही आख्यायिका घराघरांत ठाऊक आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट तिच्यात पक्की आहे: खापर नसेल तर मांडा होत नाही. खानदेशात आजही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरचे पुरणाचे मांडे होतात. चुलीवर पालथं घातलेलं काळं मातीचं खापर, खाली लाकडाचा जाळ. गव्हाचं पीठ कपड्याने गाळून घेतलेलं, कणीक इतकी सैल की हातातून निसटावी. ती पाण्याचा हात लावत कुटून कुटून तिला तार येते. पुरणाचा गोळा आत घालून बाई तो दोन्ही तळव्यांवर घेते आणि लाटणं न लावता झेलत, फिरवत वाढवत नेते. बघता बघता मांडा मनगटाखाली उतरतो आणि कोपरापर्यंत येतो. मग एका झोकात तो खापराच्या पाठीवर पसरतो. कडेला दुमड पडली तर दुरुस्तीला वेळ नसतो. पातळ कणीक क्षणात धरते. बेळगावकडचा मांडा वेगळा, पिठीसाखर भुरभुरून घडी घातलेला, पण नाव तेच आणि हाताचं कसबही त्याच जातीचं.

या बाईच्या अंगावर कदाचित नायलॉनची साडी असेल आणि मागे मोबाईल वाजत असेल. तरी नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात जो पदार्थ आहे तो तिच्या हातात उतरलेला आहे, कुठेही न लिहिता.

जिलबीचीही अशीच एक वाट आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात रघुनाथ नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या एकोजी राजांची राणी दीपाबाई ही त्याची आश्रयदाती. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच पिढीत, मराठी सत्तेच्या दक्षिण टोकाला, एक माणूस पदार्थांचे गुण-दोष आणि कृती बैजवार लिहून काढत होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथातल्या जिलबीच्या कृतीचा माग काढला. आज लग्नाच्या पंगतीत जिलबी पडते तेव्हा ती निदान शिवकाळाची साक्षीदार आहे, असं बिनघोर म्हणता येतं. बटाट्याच्या भाजीला ती परवानगी नाही.

स्वयंपाकाच्या आधी दळण-कांडण आलं. ‘मानसोल्लास’ने गीतांच्या प्रकरणात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात हे नोंदवलं आहे. ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसत, पाय लांब सोडून, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एक वैरण घाली, जात्याची घरघर लागे आणि त्या लयीवर ओवी येई. मग गावात पिठाची गिरणी आली आणि जाती भिंतीला टेकली. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, भाऊ, विठोबा, दुष्काळ, नवऱ्याचा मार, आंबेडकर. जे बाईच्या मनात होतं ते जात्यावर आलं. कुठल्याही ऐतिहासिक सोहळ्यात जातं मांडलेलं असतं, रांगोळी काढलेली असते, फोटोही निघतात. पण दोन किलो ज्वारी दळायला दोघींना किती वेळ लागतो आणि त्यानंतर खांदे कसे भरून येतात, हे त्या जात्याला हात लावल्याशिवाय कळत नाही.

कपड्यांकडे वळलं की चित्र आणखी उलटंपालटं होतं.

निकितिन चौलला उतरला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त धक्का बसला तो कपड्यांच्या टंचाईचा. लोक उघडे, डोकी उघडी, केसांची एकच वेणी. राजा म्हणावा त्याच्याही डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. हा किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याला साजेसा पेहराव. दख्खनच्या दरबारांत मात्र जामा, पागोटं आणि कमरेचा पटका हा थाट रुळला होता, आणि मराठे सरदारही तोच वापरत. जामा बगलेखाली बांधायचा, आणि त्यातही भेद असे: मुसलमान उजवीकडे बांधीत, हिंदू डावीकडे. दुरून सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांचा धर्म त्या गाठीवरून ओळखू येई.

महाराज स्वतः कसे दिसत, याचाही घोळ फार जुना नाही. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं एक चित्र कित्येक वर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३मध्ये डचांकडचं चित्र पुढे आणून ही चूक दुरुस्त केली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सन अल्बममधलं महाराजांचं आणखी एक चित्र आहे, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, दख्खनी हातचं. पण आजच्या मिरवणुकीतला पोशाख या चित्रांवरून बेतलेला नसतो. तो भालजी पेंढारकरांच्या सिनेमांवरून, त्यांच्या १९५२च्या ‘छत्रपती शिवाजी’वरून, आणि ऐंशीच्या दशकापासून गावोगाव उभ्या राहिलेल्या ‘जाणता राजा’च्या भव्य रंगमंचावरून आलेला असतो. शिंपी विचारतो ते, “सिरीयलमधल्यासारखा शिवू का?”

रंगांचंही तसंच. आजचा फेटा डोळे दिपवणारा भगवा असतो, कारण कापड पॉलिएस्टरचं आणि रंग कारखान्यातला. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किनच्या हातून १८५६मध्ये लंडनमध्ये निघाला. त्याआधी निळ्याला नीळ, तांबड्याला आलाची मुळी, गुलाबी-केशरीला करडईच्या फुलांचा कुसुंबा, पिवळ्याला हळद, आणि भगव्याला काव किंवा गेरू. काव म्हणजे लाल माती. गेरूत बुडवलेलं सुती कापड धुण्याने फिकं होतं, उन्हात आणखी उतरतं, आणि घामाने त्यावर डाग पडतात. खऱ्या शिवकालीन फौजेचा भगवा पावसाळ्याअखेर विटकरी झालेला असणार.

पुणेरी पगडीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात पाहुण्याचा सत्कार तिच्याशिवाय होत नाही, आणि ती पेशवाईचं प्रतीक म्हणून घातली जाते. पण तिच्याशी ज्यांचं नाव पहिलं जोडलं जातं ते न्यायमूर्ती रानडे १८४२चे, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर चोवीस वर्षांनी जन्मलेले. पेशव्यांचं खरं डोकं बघायचं तर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात १७९२च्या सुमारास रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र बघावं. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

नथीची गोष्ट तर संशोधकांनाही चक्रावणारी होती. मराठी नवरीच्या थाटातला हा पहिला दागिना, पण अ. स. अळतेकरांनी जुनी शिल्पं तपासली तेव्हा त्यांना नाकात दागिना असलेली एकही बाई सापडली नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर हार, कंकणं, कर्णफुलं यांचा सुकाळ आहे. नाकं मोकळी आहेत. परशुराम गोडे यांनीही हा प्रश्न धसास लावला आणि नाकातला दागिना साधारण हजार वर्षांपलीकडे जात नाही, असा निष्कर्ष काढला.

नऊवारीचं नावही मापावरून पडलेलं. जुन्या बायका त्याला लुगडंच म्हणत. कमरेला गच्च गाठ, पुढे निऱ्या, निऱ्यांचा मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचलेला कासोटा. आत परकर नाही, पिन नाही. गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं कोळणीचं लुगडं, भात लावणारीचं चिखलातलं लुगडं, घोट्यापर्यंत सोडलेलं घरंदाज लुगडं. एकाच लांब कापडाचे हे प्रकार, कामानुसार बदललेले. आता बाजारात ‘पेशवाई’, ‘ब्राह्मणी’, ‘मस्तानी’ अशा नावांनी शिवलेली नऊवारी मिळते, चेन आणि इलॅस्टिक लावलेली, पाच मिनिटांत चढणारी. तीत मुलगी मोटारसायकलवर बसते, लेझीम खेळते, दिवसभर उन्हात फिरते आणि कासोटा सुटत नाही. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

फक्त तिला ओचा नाही. पोटाशी निऱ्या खोचताना पुढे जी झोळी तयार होते, तो ओचा. बाजारात जाताना चंची, शेतातून येताना शेंगा आणि चिंचा, माहेरून निघताना आईने दिलेला रुपया, सगळं त्यात. शिवलेल्या नऊवारीत शिंपी हल्ली बाजूला खिसा लावून देतो, मोबाईलसाठी. पाडव्याच्या सकाळी यात्रेला निघायच्या घाईत नात मोबाईल त्या खिशात सरकवते, चेन ओढते, आणि रोजचं लुगडं नेसून दारात उभी असलेली आजी ओच्यात हात घालून तिच्या तळव्यावर दोन आमसुलं ठेवते, उन्हात तोंड कोरडं पडेल म्हणून.